टोपी, शेपटी आणि कडं

"ओ. त्याच्या डोक्यावर लाट."

"गाव कुठलं?"

"ज्योर. हंगेरी."

"मग लाट नसणार बाई. नीट बघा, दोन तिरक्या रेघा असतील."

"अरे, माझ्यासमोर कागद आहे. लाट म्हणजे लाट."

हा फोन मागच्या वर्षीचा. एका नकाशासंग्रहाच्या शेवटी गावांच्या नावांची सूची असते, ती करायचं काम माझ्याकडे होतं आणि तिची प्रुफं तपासायचं काम बाईंकडे. बाई खिळ्यांच्या काळापासूनच्या मुद्रितशोधक. स्क्रीनवर वाचत नाहीत, कागदच लागतो. त्या कागद घेऊन बसायच्या, मी फाइल उघडून बसायचो आणि कानाला फोन. युरोपच्या भागात तीन हजारांच्या आसपास नावं होती. प्रत्येक नाव त्या त्या भाषेत लिहितात तसंच रोमन लिपीत आणि शेजारी देवनागरीत उच्चार, असा नियम.

फोनवर ही अक्षरं सांगायला आमच्याकडे शब्दच नव्हते, तेव्हा बाईंनी स्वतःचे पाडले. टोपी, उलटी टोपी, शेपटी, कडं, लाट, दोन टिंबं, दोन रेघा, काट मारलेला ओ, काट मारलेला एल. इथेही मी ती अक्षरं छापत नाही, बाईंच्याच शब्दांत सांगतो. ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना लगेच कळेल आणि ज्यांनी पाहिली नाहीत ते माझ्यासारखेच हळूहळू शिकतील.

पुढे मी त्या खुणांची खरी नावं शोधली, तर बाई फारशा लांब नव्हत्या. उलट्या टोपीला चेक लोक 'हाचेक' म्हणतात, म्हणजे छोटा आकडा, अडकवायचा हूक. यू वरचं कडं त्यांच्याकडे 'क्रोउझेक', छोटं कडंच. पोलिशमधली ए आणि ई च्या पायाशी लोंबणारी ती 'ओगोनेक', शेपटुली. फ्रेंचमध्ये सी च्या खाली असते त्या 'सेदिय'च्या नावाचा मूळ अर्थ छोटा झेड, कारण ती खूण झेडपासूनच आली. डच लोक टोपीला 'छोटं छप्पर' म्हणतात. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्यात शोधायचं काय होतं? दिसतंय ते सांगायचं."

ज्योरच्या लाटेकडे परत येतो, कारण त्या लाटेने मला चांगलंच तोंडावर पाडलं.

हंगेरियनमध्ये ओ चार प्रकारचा. नुसता, एका रेघेचा, दोन टिंबांचा आणि दोन तिरक्या रेघांचा. टिंबांचा ऱ्हस्व, रेघांचा त्याचाच दीर्घ. के आणि आर यांच्यामध्ये हे चार ओ आळीपाळीने ठेवले की चार शब्द मिळतात: वय, आजार, वर्तुळ आणि पत्त्यांमधला बदाम. दोन टिंबांनी सुरू होणारा 'ओरुल्त' म्हणजे 'तो आनंदला' आणि तोच शब्द दोन रेघांनी सुरू केला की 'वेडा'. 'दिन' आणि 'दीन' यांच्यावरून शाळेत मार खाल्लेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

लाट मात्र हंगेरियनमध्ये नाहीच. मग ती आली कुठून? जुन्या संगणकांत एका अक्षराला एक क्रमांक असे आणि असे क्रमांक २५६ च. युरोपातली सगळी अक्षरं त्यात बसेनात, म्हणून वेगवेगळे तक्ते केले गेले, एक पश्चिम युरोपचा, एक मध्य युरोपचा. मध्य युरोपच्या तक्त्यात २४५ व्या घरात दोन रेघांचा ओ बसलेला, पश्चिमेच्या तक्त्यात त्याच घरात लाटेचा ओ. फाइल एका तक्त्याने लिहिली आणि दुसऱ्याने वाचली की हंगेरीभर लाटा उसळतात. यू चंही तसंच, दोन रेघांच्या यू च्या डोक्यावर टोपी येते.

कारण सापडल्याचा मला कोण आनंद. सगळ्या लाटा निवडल्या आणि एका फटक्यात दोन रेघा करून टाकल्या.

दोन दिवसांनी बाईंचा फोन. "अरे, हे व्होरू आणि प्योल्वा हंगेरीत कधी गेले?"

ही गावं एस्टोनियाची आणि त्यांच्या ओ वरची लाट अस्सल. एस्टोनियनमध्ये तो स्वतंत्र स्वर आहे. पूर्वी त्याला वेगळं अक्षर नव्हतं, दोन टिंबांचा ओ च दोन्ही कामं करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओटो विल्हेल्म माझिंग नावाच्या पाद्र्याने त्याच्यासाठी लाटेचा ओ रूढ केला. म्हणजे त्यांनी मुद्दाम आणलेलं अक्षर मी एका क्लिकने पुसलं होतं. ती नावं एकेक करून परत बदलली. (जाता जाता, एस्टोनियनमध्ये बर्फाच्या काठाला जो शब्द आहे त्यात दोन टिंबांचा ए सलग चार वेळा येतो. बाईंनी तो प्रुफात पाहिला असता तर तीन नक्की काढले असते.)

काही गावं मी त्यांच्या स्पेलिंगसाठी पुन्हा पुन्हा पाहतो. पोलंडमधलं एक मोठं शहर चार अक्षरांचं आहे आणि त्यातल्या तिघांवर खुणा: काट मारलेला एल, रेघेचा ओ, साधा डी, रेघेचा झेड. इंग्रजीच्या सवयीने वाचलं तर 'लॉड्झ'. उच्चार 'वूच'. काट मारलेल्या एल चा आवाज आपल्या व च्या जवळचा, ओठ गोल करून काढलेला. रेघेच्या ओ चा आज सरळ ऊ होतो. शेवटचे दोघे मिळून एक आवाज आणि शब्दाच्या टोकाला तो च होऊन जातो. अर्थ होडी. शहराच्या मानचिन्हावरही होडीच आहे. रेघेचा ओ आणि साधा यू यांच्या उच्चारात आता काहीच फरक उरलेला नाही, जुन्या दीर्घ ओ ची आठवण म्हणून तो तेवढा टिकला आहे आणि तिथली पोरं कुठल्या शब्दात कुठला लिहायचा ते पाठ करतात. बाईंनी चारही अक्षरं मला एकेक करून सांगितली, मी "वूच" म्हणालो, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "आणि माझ्या उकारांना नावं ठेवता."

पोलंडचंच श्चेचिन. सुरुवातीच्या 'श्च'ला पोलिशमध्ये चार अक्षरं लागतात, एस झेड सी झेड. चेकमध्ये त्याच दोन आवाजांना उलट्या टोप्यांची दोन अक्षरं पुरतात. आपल्याकडे एक जोडाक्षर. अक्षरांच्या अशा चळती चेकमध्येही होत्या. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये एक छोटा ग्रंथ लिहिला गेला, तो सहसा यान हुस या चेक धर्मसुधारकाच्या नावावर धरतात. त्यातली सूचना सोपी होती: एका आवाजाला अक्षरं रचत बसण्यापेक्षा एकाच अक्षरावर टिंब द्या. हुसला १४१५ मध्ये कॉन्स्टान्समध्ये जिवंत जाळलं, धर्माच्या भांडणात, टिंबांपायी नव्हे. टिंब मागे राहिलं आणि पुढे त्याचा तो छोटा आकडा झाला.

आकड्याचा पुढचा प्रवास मला भारी आवडतो. १८३० च्या दशकात ल्युदेव्हित गाय या लेखकाने क्रोएशियनसाठी नवं लेखन सुचवलं, त्यात तो आला. लिथुएनियात तो फार वेगळ्या वाटेने पोहोचला. १८६४ पासून रशियन साम्राज्याने तिथे लॅटिन अक्षरांत लिथुएनियन छापायला बंदी घातली, छापायचं तर सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन लिपीत. लोकांनी ते मानलं नाही. सीमेपलीकडे पूर्व प्रशियात पुस्तकं छापायची आणि पाठीवर बांधून चोरून आणायची. ती आणणाऱ्यांना 'क्निगनेशिस', पुस्तकवाहक, म्हणत. पकडले गेलेल्यांना सायबेरियात धाडलं. बंदी १९०४ ला उठली. पोलिश वळणाच्या जोडअक्षरांऐवजी चेक आकडे घेण्याची चळवळ याच बंदीच्या काळातली. शाउलेईचं नाव सूचीत आलं, "एस, उलटी टोपी" असं बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, तेव्हा ते अक्षर कुठून कुठे येऊन बसलंय हे मी त्यांना सांगत सुटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढे चल, अजून नऊशे आहेत."

रोमानियाने बाईंना भिंग काढायला लावलं. तिथे एस आणि टी च्या खाली खूण असते, याश, गलात्स, तिमिश्वारा, कॉन्स्टांत्सा, सगळीकडे. ती सुटा स्वल्पविराम हवी. सी ला असते तशी अक्षराला चिकटलेली नको. पण स्वल्पविरामाच्या अक्षरांना युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक तक्त्यात, स्वतःची जागा १९९९ मध्ये मिळाली, तोवर सगळे चिकटलेलीवरच भागवत होते आणि अनेकांची सवय नंतरही सुटली नाही. एक अख्खी दुपार आमचा संवाद इतकाच होता: "चिकटलेली." "सुटी करतो." "सुटी." "राहू दे." "चिकटलेली."

तुर्कस्तानचा युरोपात येतो तो तुकडा छोटा, पण त्रास मोठा. १९२८ मध्ये तुर्कीसाठी अरबी लिपी सोडून लॅटिन घेतली, तेव्हा आय चे दोन केले, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. लहान असो वा कॅपिटल, टिंबवाल्याचं टिंब कायम आणि बिनटिंबाच्याला ते कधीच नाही. बिनटिंबाच्याचा उच्चार म्हणजे जीभ मागे घेऊन, ओठ न वळवता म्हटलेला उ. किर्कलारेली या गावाच्या नावात दोन्ही येतात, पहिला बिनटिंबाचा, शेवटचा टिंबाचा. नकाशावर जिल्ह्यांची नावं कॅपिटलमध्ये होती, संगणकाने इंग्रजीच्या रिवाजाने टिंबवाल्याचंही टिंब काढून टाकलं होतं. तिरक्या लाल अक्षरांत बाईंचा शेरा: "शेवटच्याचं टिंब कुणी खाल्लं?"

फ्रेंच आणि स्पॅनिश पटकन उरकली. फ्रेंचमधली टोपी पुष्कळदा गळून पडलेल्या एस च्या जागी असते, त्यांच्या 'फोरे' आणि इंग्रजी 'फॉरेस्ट'मध्ये जो एस कमी-जास्त आहे तो. ते एकदा कळलं की ती नावं चुकत नाहीत.

खरी पंचाईत सगळ्या खुणा जागेवर आल्यावर सुरू झाली. नावं वर्णानुक्रमे लावायची होती. कुणाच्या?

जर्मनीतलं ओरिंगेन आणि स्वीडनमधलं ओरेब्रू घ्या. दोन्हींच्या सुरुवातीला तेच अक्षर, ओ वर दोन टिंबं. जर्मनमध्ये ती टिंबं म्हणजे पूर्वी ओ च्या डोक्यावर लिहीत त्या बारीक ई चं उरलेलं रूप. त्यामुळे त्यांच्या शब्दकोशात तो साध्या ओ बरोबर बसतो आणि नावांच्या याद्यांसाठी दुसरा नियम आहे, त्यात तो ओ-ई धरून लावतात. एकाच देशात दोन क्रम. स्वीडिशमध्ये मात्र तो ओ चा कुणीच नाही. तो त्यांच्या मुळाक्षरांतला २९ वा, झेडच्याही पुढचा, सगळ्यात शेवटचा. (उच्चाराच्या रकान्यात आम्ही दोन्हीकडे 'ओ'च लिहिला. जीभ ए ची आणि ओठ ओ चे, असा तो आवाज. इंग्रजीसाठी आपण ॲ आणि ऑ वर चंद्र चढवले, याच्यासाठी कुणी काही केलं नाही.)

चेकमध्ये सी-एच हे एकच अक्षर आहे आणि ते एच च्या मागून येतं, म्हणून खेब हे गाव सी मध्ये शोधलं तर सापडत नाही. डॅनिशमध्ये १९४८ साली दोन ए च्या जागी कडं घातलेला ए आला. ओरहूस शहराने २०११ पासून पुन्हा दोन ए घेतले, पण यादीत ते दोन ए कडंवाल्याच्याच जागी, म्हणजे अगदी शेवटी. इंग्रजी यादीत जे शहर पहिल्या पानावर असायचं, ते स्वतःच्या देशात शेवटच्या पानावर.

तीन हजार नावांची एकच सूची, आणि ती सगळ्यांच्या क्रमाने लागूच शकत नाही. शेवटी ठरलं ते असं: छापताना खुणा सगळ्या, क्रम लावताना एकही नाही. लावताना जणू त्या नाहीतच. सूचीकार सहसा असंच करतात. कुठल्याच भाषेच्या वाचकाला ते पूर्ण बरोबर वाटत नाही. मला ते आवडलं नाही. मी हट्ट धरला होता की निदान नॉर्डिक नावं तरी मागे न्यावीत. संपादक म्हणाले, वाचक ए कडेच बघेल. त्यांचं बरोबर होतं.

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांच्या टोकाला एक मासेमारीचं गाव आहे. ई-१० हा लांबलचक रस्ता तिथे येऊन संपतो. गावाचं नाव एका अक्षराचं, कडं घातलेला ए, उच्चार 'ओ', अर्थ ओढा. त्यांच्या मुळाक्षरांतलंही ते शेवटचंच अक्षर. आमच्या सूचीत ते पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत आलं, आणि बाईंनी शेवटच्या प्रुफात त्याच्या कड्याभोवती पेन्सिलीने आणखी एक कडं काढून समासात लिहिलं होतं: "हे इथेच ठेवायचं ना?"

मी खाली "हो" लिहिलं.