गगनबावड्याची वाट: पाणी एकीकडं, नोंद भलतीकडं

जुलैतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला राजारामपुरीतून निघालो. मी स्टेअरिंगवर, शेजारी मेहुणा, मागं आई आणि बायको. बेत साधाच होता. गगनगडावर दर्शन घ्यायचं, करूळ घाटाच्या तोंडाशी धुक्यात उभं राहून गरम भजी खायची आणि अंधार पडायच्या आत घरी. कोल्हापूर ते गगनबावडा 55 किलोमीटर, एरवी दीड तासाचं काम. आम्हाला तीन तास लागले आणि त्यातला अर्धा वेळ मोबाईलच्या नादानं गेला.

निघण्याआधी मी पंचगंगेची पातळी बघितली होती. पावसाळ्यात कोल्हापूरकर चहाआधी तेच बघतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. त्या दिवशी पाणी 39 च्या बरंच खाली होतं, म्हणून मी निर्धास्त. चूक इथंच झाली. तो आकडा कसबा बावड्यातल्या पंचगंगेचा. आपण जाणार कुंभी नदीच्या काठाकाठानं, आणि गगनबावड्यात पाऊस शहराच्या कितीतरी पट पडतो. शहरात छत्री उघडायची वेळ आली नाही तरी वाटेवरच्या मांडुकली गावात रस्त्यावर पाणी असू शकतं. या वाटेनं जाणाऱ्यांनी राजारामच्या आकड्यासोबत पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादीही वाचावी. जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या माहितीत ती असते: भोगावतीवरचे अमुक, कासारीवरचे तमुक, कुंभीवरचे इतके. मी ती शेवटपर्यंत कधी वाचत नव्हतो. आता वाचतो. का, ते पुढं येईलच.

फुलेवाडी, बालिंग्याचा पूल, सगळं सुरळीत. कळे सोडलं आणि मोबाईलवरच्या नकाशाच्या ॲपनं पुढं लाल खूण दाखवली, ‘रस्ता बंद’. सोबत नवा मार्गही सुचवला: वळा, आत शिरा, नदी ओलांडा, पलीकडच्या गावांतून पुन्हा मुख्य रस्त्याला या. मेहुणा म्हणाला, “दाजी, वळवा. सहाच मिनिटं जास्त लागत्यात.” मी वळवली.

शेतातला अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, समोरून काही आलं तर मागं घ्यायचीही पंचाईत. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर एक आजोबा म्हशी घेऊन येताना दिसले. त्यांनी काठी आडवी धरली.

“कुठं निघालासा पावणं? फुडं नदी हाय.”

“पूल आहे ना आजोबा? मोबाईल रस्ता दाखवतोय.”

“मोबाईलला पवता येतंय का?”

पूल नव्हताच, बंधारा होता. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो: आमच्याकडच्या नद्यांवर ठिकठिकाणी ‘कोल्हापूर पद्धतीचे’ बंधारे आहेत. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पुढचा पाऊस यायच्या आत बरगे काढायचे. वरच्या पट्टीवरून आठ महिने मोटरसायकली, ट्रॅक्टर, लहान गाड्या सर्रास जातात. त्यामुळं नकाशाच्या लेखी तो रस्ताच. पण पावसाळ्यात नदी त्याच्या डोक्यावरून वाहते. बहुतेक ठिकाणी धड कठडेही नसतात. गाडीतून उतरून चालत पुढं गेलो तर डांबर थेट गढूळ पाण्यात शिरत होतं आणि पलीकडचा काठ लांब दिसत होता. बंधारा कुठं असेल ते पाण्याला पडलेल्या वळीवरूनच ओळखायचं. आई गाडीतून काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला जास्त लागलं.

उसातून गाडी मागं घेत कसेबसे मुख्य रस्त्याला लागलो. तिथून एसटी आरामात पलीकडं निघाली होती! बॅरिकेड नाही, पोलीस नाही, रस्ता उघडा. पुढं मांडुकलीजवळ रस्त्यावर थोडं पाणी होतं, घोट्याएवढं, संथ, खालचं डांबर दिसणारं. चालत जाणारी माणसंही त्यातून पार होत होती. आम्हीही हळू पार झालो. पहाटे कुणीतरी हेच पाणी बघितलं असणार, घाबरून ॲपवर ‘बंद’ दाबलं असणार आणि मागच्या दोघा-चौघांनी आपापल्या फोनवर ‘आहे का?’ या प्रश्नाला न बघताच ‘हो’ म्हटलं असणार. एका माणसाच्या नोंदीनं रस्ता लगेच बंद होतोच असं नाही. ॲप बाकीच्यांच्या नोंदी आणि गाड्यांचा वेगही जमेला धरतं. पण त्या सकाळी रस्त्यावर गाड्या मोजक्याच होत्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ‘रस्त्यावर पाणी’ आणि ‘रस्ता बंद’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते. ‘पाणी’ दाबलं तर मागचा माणूस सावध होतो. ‘बंद’ दाबलं तर ॲप त्याला दुसरी वाट शोधून देतं, आणि इथं दुसरी वाट म्हणजे बहुतेक वेळा बंधारा. ‘बंद’ हा शब्द बॅरिकेड लागलेल्या, दरड कोसळलेल्या किंवा झाड आडवं पडून गाडी जायला जागाच न उरलेल्या रस्त्यासाठी राखून ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ बघून घरबसल्या तर अजिबात दाबू नका. दर पावसाळ्यात 2019 चे आणि 2021 चे पुराचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात, हे आपल्याला काही नवीन नाही.

इथवर मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय. आमचं काय झालं तेही सांगायला हवं.

मांडुकलीतलं ते पाणी कळवायचं काम मेहुण्यानं अंगावर घेतलं. ते योग्यच होतं. चालवणाऱ्यानं हातात फोन धरणं 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, शिवाय पाण्यातून गाडी काढताना दोन्ही डोळे समोरच हवेत. वेझ या नकाशाच्या ॲपमध्ये अशा नोंदींची सोय पहिल्यापासून आहे, आता गूगल मॅप्समध्येही रस्त्यावरचं पाणी कळवता येतं. पण तिथं रेंज येत-जात होती. मेहुणा म्हणाला, “पुढं रेंज आली की टाकतो.” चढ चढून वर आलो, एका चहाच्या टपरीपाशी रेंज आली, त्यानं बटण दाबलं. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

गगनगडावर काय दिसलं? धुकं. आईला गगनगिरी महाराजांच्या मठात समाधान मिळालं, बायकोला भज्यांत, मेहुण्याला करूळ घाटाच्या तोंडाशी काढलेल्या फोटोंत. फोटोत तो कुठं आहे ते त्यालाच माहीत. पावसाळ्यात हेडलाइट लावून आणि हळू जा, घाटात दरडीखाली गाडी उभी करू नका, निघण्याआधी नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. इतकं पाळलं की गगनबावड्याला जाण्यात अवघड काही नाही. खरोखर कुणी अडकलेलं दिसलं तर ॲपवर खूण टाकून पुढं निघून जाऊ नका, 112 किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 लावा.

परतताना मांडुकलीतलं पाणी उतरलं होतं. रस्त्यावर निसरडा गाळ उरला होता, तो आम्ही तिथंच थांबून, गाडी कडेला घेऊन कळवला. खोलीबद्दल लिहिताना ‘बरंच’, ‘थोडं’ असं लिहू नका. चाकाच्या अर्ध्यापर्यंत, मोटरसायकलच्या सायलेन्सरपर्यंत, तळ दिसतो की नाही, वाहतं की साचलेलं, असं लिहा. एसटी गेली एवढ्यावर ‘रस्ता चालू’ म्हणू नका, तिची चाकं आपल्यापेक्षा मोठी. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलू शकतं. आणि कुठल्या दिशेची गाडी अडते तेही बघा, खूण आपल्याच बाजूला पडते.

हे शहाणपण आम्हाला सुचलं ते त्याच्या थोडंसंच आधी, त्या टपरीपाशी. चढावर गाड्यांची रांग होती. पुण्याच्या पासिंगची एक गाडी तर मागं वळत होती. मेहुण्यानं फोन काढला आणि गप्प झाला. नकाशावर पाण्याची खूण टपरीच्या बरोबर दारात होती. बोट जिथं पडतं, खूण तिथंच पडते. पाणी दीड किलोमीटर मागं, खूण इथं, डोंगराच्या चढावर, आणि तिच्याखाली सात जणांचं ‘हो’. काही ॲपमध्ये नोंदीचं बटण जागेवरच दाबून ठेवता येतं आणि नोंद नंतर पाठवता येते. ते आम्हाला त्या दिवशी माहीत नव्हतं. तेही नसेल तर नंतर खूण हातानं मागं सरकवता येते का ते बघावं, नाही तर नोंद टाकूच नये.

टपरीवाला आम्हाला ओळखून हसला. “सकाळधरनं लोक थांबत्यात. ‘पाणी कुठाय, पाणी कुठाय?’ म्हटलं, हाय की, पातेल्यात.”

मेहुण्यानं कबुली दिली आणि त्याच्यासमोरच ‘आता नाही’ दाबून खूण घालवली.

“काढलासा व्हय?” तो म्हणाला. “ऱ्हाऊ द्यायचं की वो. आज गिऱ्हाईक बक्कळ हुतं.”