शेडला कुलूप, मग म्युझियम

मी कंप्रेस्ड एअरच्या सर्व्हिसमधला माणूस, चाकणला असतो. मधे काही महिने ओहायोला डेप्युटेशनवर होतो तेव्हाची गोष्ट. होम्स काउंटीत बर्लिन नावाचं गाव आहे (तिथले लोक 'बर'वर जोर देतात, आपण जर्मनीसारखं म्हटलं की पाहुणा ओळखतात), तिथल्या एका आमिश (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिश्चन पंथ, बाहेरची वीज घेत नाहीत) फर्निचरवाल्याकडे मशिनं चालवणाऱ्या हवेचं प्रेशर टिकत नव्हतं. सकाळी नऊला पोचलो तर शेडला कुलूप. फोन करावा तर फोन घरात नाहीच, शेताच्या कडेला एका लाकडी खोपट्यात, आणि तिथे नुसता व्हॉइसमेल! शेजारच्या आजी म्हणाल्या मयतीला गेलेत, दुपारनंतर या.

आता करायचं काय, म्हणून गावातल्या आमिश अँड मेनोनाइट हेरिटेज सेंटर या म्युझियममध्ये शिरलो (मेनोनाइट म्हणजे आमिशांचा भाऊबंद पंथ). मला वाटलेलं टोप्या, कंदील, बग्गी, झालं. पण आत गोल खोली आणि चारी बाजूंनी एकच पेंटिंग, 10 फूट उंच आणि 265 फूट लांब. हाइन्झ गाउगेल नावाच्या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकाराने काढलेलं, 1992 ला पूर्ण झालं. नाव 'बेहाल्ट', म्हणजे लक्षात ठेवणं. मला आधी 'बेहाल'च ऐकू आलं आणि चित्रातल्या लोकांचे हालही तसेच. हे लोक म्हणजे या पंथांचे पूर्वज. 1525 ला झुरिकमध्ये त्यातल्या काही जणांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नको, कळत्या माणसाने स्वतःहून घ्यावा, एवढ्यावरून बुडवणं, जाळणं.

गाइड काकांनी डर्क विलेम्सची गोष्ट सांगितली आणि मी तिथेच थांबलो. 1569, नेदरलँड्स. याच बाप्तिस्म्यापायी तुरुंगात पडलेला हा तिथून पळाला, गोठलेल्या पाण्यावरून, तुरुंगातल्या खाण्याने हडकलेला म्हणून बर्फाने त्याला पेललं, मागचा शिपाई मात्र आत गेला. हा परत फिरला, त्याला ओढून काढलं. आणि पकडला गेला, जाळला. मी काकांना म्हटलं पळायचं ना राव, ते नुसते हसले.

अडीचला मालक बग्गीतून आले, मागे हळू चालणाऱ्या वाहनाचा तो केशरी त्रिकोण. कोटाला बटणं नाहीत, हूक, हे सकाळी ऐकलं नसतं तर माझं लक्षही गेलं नसतं. वर्कशॉपमध्ये बाहेरची वीज नाही. मागच्या खोलीत डिझेल इंजिन, त्यावर कंप्रेसर, आणि सँडर, ड्रिल सगळं हवेवर. त्यांनी इंजिन चालू ठेवून बाकी सगळं बंद केलं, मी साबणाचं पाणी लावत लावत पाइपलाइन धरली, तर भिंतीमागच्या एका कपलिंगला बुडबुडेच बुडबुडे. दहा मिनिटांचं काम होतं हो, त्यासाठी अख्खा दिवस.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर त्यांचा व्हॉइसमेल, पहाटे पाच दहाचा. प्रेशर टिकतंय, बिल पोस्टाने पाठवा. मागे कोंबडा आरवत होता.