लेक लेनियर, दुसरा हंगाम : आधी हेरिंग, मग स्पॉट

गेल्या वर्षभरात माझ्या वहीत लेनियर तलावातले ११ स्पॉटेड बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा, बोलीत ‘स्पॉट’) जमा झाले होते. यंदा सप्टेंबर संपता संपता ५९ झालेत. यातले बहुतेक कुठे मिळाले आणि तिथेच का मिळाले, हे आता मला सांगता येतं, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

लहानपणी काकांबरोबर पंचगंगेच्या घाटावर गळ टाकायचो. कणकेची गोळी लावायची आणि मासा काठाशी येईपर्यंत गप्प बसायचं. अमेरिकेतल्या जॉर्जियात आल्यावर लेनियरवरही मी पहिलं वर्षभर काठच धरून बसलो. बोटभर लांबीचे सनफिश मिळायचे, स्पॉट क्वचित. चूक साधी होती. लार्जमाउथ बास गवताच्या, झाडाच्या आडोशाला दबा धरून बसतो. स्पॉट मात्र खाद्यामागे फिरतो, उघड्या पाण्यातसुद्धा. आणि लेनियरमध्ये त्याचं आवडतं खाद्य म्हणजे ब्लूबॅक हेरिंग, थव्याने फिरणारी छोटी मासळी, जी स्वतःच एका जागी थांबत नाही. म्हणून यंदा कयाकवर, म्हणजे माझ्या वल्ह्याच्या छोट्या होडीवर, छोटा फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) बसवला आणि एक नियम केला : पडद्यावर हेरिंगचा थवा दिसल्याशिवाय रॉड हातात घ्यायचा नाही. सुरुवातीला दोन-दोन तास नुसतं वल्हवण्यात गेले. तरी नियम मोडला नाही.

मे महिन्याने त्याचं फळ दिलं. एप्रिलअखेरीपासून हेरिंग अंडी घालायला वाळू-खड्यांच्या उथळ टोकांवर येतात. पाण्यात लांबवर शिरलेलं जमिनीचं असं टोक, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल पाणी आणि वर वाऱ्याची हलकी लाट, एवढं जुळलं की पहाटेचा पहिला तास सोन्याचा. पांढरा, पृष्ठभागावर डावी-उजवी डोलत येणारा लूअर, म्हणजे खोटं आमिष, टाकला. चौथ्या फेकीला पाणी फुटलं आणि लूअर दिसेनासा झाला. रॉड लगेच उचलायचा मोह होतो. दोर ताणला जाईपर्यंत थांबायचं, मगच हिसका द्यायचा. हे शिकेपर्यंत मी सहा मासे घालवले होते. त्या सकाळी ५ मिळाले, सर्वांत मोठा ३ पौंड २ औंस. लार्जमाउथ वर उडी मारून गळ झटकायला बघतो. हा खाली, खोल पाण्याकडे ओढत राहतो. मनगट दुखतं, आणि त्या दुखण्याचंही अप्रूप वाटतं.

नव्या मंडळींसाठी स्पॉटची ओळख : तोंड मिटलेलं असताना जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जात नाही, पोटाकडच्या बाजूला काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात आणि जिभेवर बोट फिरवलं तर मधोमध खरखरीत चकती लागते. शास्त्रानुसार लेनियरमधला मासा अलाबामा बास; २००८ मध्ये ती वेगळी जात ठरली. तलावावर मात्र सगळे त्याला स्पॉटच म्हणतात.

जुलैत थवे खाली गेले, २० ते ३० फुटांवर, बुडवलेल्या फांद्यांच्या ढिगांशी. तिथे ड्रॉपशॉट ही गळाची मांडणी. वजन तळाला, त्याच्या फूटभर वर गळ, गळाला चार इंची रबरी अळी, ८ पौंडी फ्लोरोकार्बन दोर. अळी नाचवायची गरज नाही, हाताच्या नैसर्गिक थरथरीने ती पुरेशी हलते. ३५ फुटांवरून काढलेला एक मासा सोडल्यावर पोट फुगून आडवाच तरंगत राहिला. खोलातून झटकन वर आणलं की त्याची हवेची पिशवी फुगते. तो खाली गेला नाही, आणि ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आता माशाला खोल नेऊन सोडणारा वजनाचा चिमटा कयाकवर कायम असतो, आणि ३० फुटांखाली मी गळ सोडत नाही.

नदीवर दोनदाच गेलो, एटोवावर. इथे हा मासा मूळचाच. वेगळंच गणित : मुख्य धारेच्या कडेला, खडकामागे पाणी जिथे मंदावतं तिथे तो असतो आणि चिंगाटीसारखा तपकिरी जिग (वजनदार डोक्याचा गळ) खातो. आकाराने लहान, पण ताकद अंगापेक्षा मोठी.

एक कळकळीची विनंती. मिळालेला स्पॉट जिवंत नेऊन दुसऱ्या तलावात सोडू नका. उत्तर जॉर्जियातल्या चटूज तलावात हा मासा बाहेरून आला, तिथल्या स्मॉलमाउथ बासशी संकर झाला आणि मूळचा स्मॉलमाउथ तिथून संपला.

आता हिवाळ्याची तयारी. तलावाखाली बुडालेल्या जुन्या ओढ्यांचे पाट नकाशावर लाल पेनने गिरवून ठेवलेत. डिसेंबरात थवे पहाटे त्या पाटांनी वर चढतात असं इथले जुने गळकरी सांगतात. पहिली थंड सकाळ पडली की त्यातल्या सर्वांत लांब पाटापासून सुरुवात करणार.