घागरीचं काय झालं?

आमच्या घरी एक पितळी घागर आहे. एका बाजूला पोचा आलेली, काठाशी दोन ठिकाणी डाक दिलेला. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घागरीचं काय काम, हा प्रश्न घरात दर दिवाळीच्या आवराआवरीत निघतो. मुलीला तिच्यात मनीप्लांट लावायचा होता. नवऱ्याच्या मते भंगारात चांगला भाव येईल. शेवटी तडजोड म्हणून ती दाराशी छत्र्या सांभाळत उभी असते, आणि नाताळच्या आठवड्यात चिंच-मीठ लावून मी तिला घासते तेव्हा दोन दिवस मालकिणीसारखी चमकते.

घागर आजीची. नगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून ती आजीबरोबर आधी नगर शहरात आणि मग आमच्याबरोबर पुण्याला आली. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात नगरच बसलंय.) अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली 1831 मध्ये. आमच्या घराण्यात बाप्तिस्मा शिरला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, महारवाड्यातल्या एका झोपडीतून. त्यामुळे शाळा मिळाली, पाटी मिळाली, रविवारी अंगावर धुतलेले कपडे आले. विहीर मात्र मिळाली नाही. आम्ही धर्म बदलला, पण गावच्या विहिरीला ते कुणी कळवलं नव्हतं. आजी लहानपणी हीच घागर घेऊन विहिरीपासून चार हात लांब उभी राहायची, कुणाला तरी दया येऊन वरून पाण्याची धार सोडेपर्यंत. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं ते 20 मार्च 1927 ला. आजी तेव्हा रांगत असेल. तिच्या गावच्या विहिरीपर्यंत ते पाणी पोचायला आणखी पुष्कळ वर्षं लागली.

माझं बालपण या सगळ्यापासून लांब, नळाच्या पाण्यावर गेलं. विश्वासही नळासारखाच होता: तोटी फिरवली की रविवारी सकाळी येणारा. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, वचनं मुखपाठ केली की वहीत चांदणी चिकटवून मिळे. माझ्या वहीत चांदण्या पुष्कळ होत्या, आणि मनात भीतीही तेवढीच. देव बघतोय, हे वाक्य आमच्याकडे बिस्किटाच्या डब्यापासून परीक्षेतल्या कॉपीपर्यंत सगळीकडे उपयोगी पडायचं. त्या देवाची आमच्यावर ‘प्रीती’ होती. हा शब्दही मोठा अडचणीचा. आमच्या बायबलात तो पानोपानी येतो, आणि चर्चच्या फाटकाबाहेर फक्त सिनेमाच्या गाण्यांत. पाचवीत मी वर्गात निबंध वाचताना ‘देवाची माझ्यावर प्रीती आहे’ म्हणाले, तर मागच्या बाकावरची मुलं तास संपेपर्यंत हसत होती.

त्याच सुमारास शब्बाथ शाळेत शोमरोनी बाईची गोष्ट झाली. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर येशू थकून बसलाय. एक शोमरोनी बाई पाण्याला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यांच्या भांड्याला तोंड लावायची तर बातच सोडा. तरी तो तिच्याकडे पाणी मागतो. मग बोलणं वाढतं, तिच्या पाच नवऱ्यांचा विषय निघतो, जिवंत पाण्याचा निघतो. आणि ती घागर तिथेच टाकून गावात धावत जाते, माणसांना सांगायला.

मी हात वर केला. ‘‘बाई, मग घागरीचं काय झालं?’’

बाई म्हणाल्या, गोष्टीचा बोध काय ते सांग. बोध मला आला नाही. त्या दिवशी चांदणी मिळाली नाही.

घरी येऊन तक्रार आजीकडे. आजीला वाचायला थोडंफार यायचं. पण हा अध्याय तिला पाठ होता. घागरीचा प्रश्न तिनं बाजूला सारला आणि भलतंच बोलली. ‘‘त्यानं तिच्याकडं पाणी मागितलं, पोरी. देतो न्हाई म्हणाला आधी. दे म्हणाला. आमच्याकडं कुणी मागितलं व्हतं का कधी?’’

हे मला तेव्हा अजिबात कळलं नाही. जिवंत पाणी, सार्वकालिक जीवन असं सगळं सोडून आजी ‘पाणी दे’वरच का अडली, असं वाटलं.

कॉलेजात असताना मी एका प्रार्थनागटात जायला लागले. आमच्या जुन्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संथ उपासनेपुढे तिथलं वातावरण म्हणजे एकदम विजेचा झोत. टाळ्या, अश्रू, गिटार. गटप्रमुख दादा मोठे तळमळीचे होते, आणि त्यांच्याकडे एक यादी होती. टिकली नको. सिनेमा नको. दिवाळीचा फराळ नको, तो आधी मूर्तीपुढे ठेवलेला असतो. खरं सांगायचं तर ती यादी मला आवडली होती. नियमांत एक सुख असतं. सकाळी उठल्यावर आपण चांगले आहोत की नाही हे चटकन मोजता येतं. पुन्हा चांदण्यांची वहीच, फक्त मोठ्या मुलांची.

त्या वर्षी संक्रांतीला शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या. दर वर्षी येत. स्टीलच्या वाटीत हलवा आणि चार वड्या, वर क्रोशाचा रुमाल. मी दारातच म्हणाले, ‘‘काकू, आम्हाला चालत नाही.’’

बस, एवढंच. मी अगदी नम्रपणे म्हणाले, घोटून पाठ केलेलं वाक्य होतं. काकू म्हणाल्या, ‘‘अगं, दर वर्षी तर...’’ आणि थांबल्या. वाटी धरलेला हात पुढे आलेला होता तो क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी रुमाल नीट केला, उगाचच, आणि गेल्या.

आजी बाहेरच्या खोलीत खाटेवर होती. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून एवढंच म्हणाली, ‘‘हात तसाच ऱ्हायला गं तिचा.’’

त्या वाक्यानं मला झोप लागू दिली नाही. जिच्या हातचं पाणी गावानं कधी घेतलं नाही, तिची नात दुसरीच्या हातचा तिळगूळ नाकारत होती. तोही येशूच्या नावानं! ज्यानं परक्या बाईच्या परक्या भांड्यातून पाणी मागितलं, त्याच्याच. मग मी चिडून बायबल काढलं. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला मूर्तीपुढच्या नैवेद्याबद्दल चांगलं विस्तारानं लिहिलंय. त्यात तो म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर पुढ्यात येईल ते खा, उगाच चौकशा करू नका. समोरच्याच्या मनाला जपा, हेही सांगतो. त्याचा सूर दादांच्या सुरापेक्षा पुष्कळ मऊ आहे. हे मी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, मोठ्यानं, नाव घेऊन. मी गट सोडला. देवालाही सोडलं असं तेव्हा वाटलं होतं. काही वर्षं रविवारी बारापर्यंत झोपायचा मोकळेपणा उपभोगला. त्याला स्वातंत्र्य म्हणायला हरकत नाही, पण दुपारी बाराला उठल्यावर ते जरा आंबट लागे.

मला परत आणलं ते पंडिता रमाबाईंनी. त्यांची पत्रं वाचली. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगोलग त्यांचं तिथल्या मठातल्या जोगिणींशी (नन्सशी) वाजलं. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला? भारतातले ख्रिस्ती काय लॅटिन शिकून बसलेत? आपल्याला संस्कृत अक्षरं हवीत. मांसाहारही करणार नाही. आणि एका पत्रात त्या स्पष्ट सांगतात, की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टानं झुगारलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. वयाची पंचविशी ओलांडलेली ही विधवा, परक्या देशात, ज्यांच्या घरी जेवते त्यांनाच हे सुनावतेय. मी वाचनालयात एकटीच हसले. ख्रिस्ती असूनही असं बोलता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि गंमत अशी, की त्यांची वाटही त्या विहिरीवरूनच गेलेली. लंडनमध्ये फुलहॅमला या जोगिणी समाजानं टाकलेल्या बायकांसाठी काम करत. इथं यांना घरात घेतात आणि आपल्याकडे हाकलतात, हे का, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला गेला. तीच शोमरोनी बाई. पुढे रमाबाईंनी लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. पंडिता म्हणवणाऱ्या बाईलाही आठ वर्षं लागली. मग मी उगाच घाई का करू?

एका रविवारी दौंडच्या गाडीनं केडगावला गेले. रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायला. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली, बालविधवा, यांच्यासाठी उभं केलेलं गाव. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सबंध बायबल साध्या मराठीत आणलं, आणि ते छपाईचे खिळे जुळवून छापलं तिथल्याच बायकांनी. 1924 मध्ये ते पूर्ण छापून निघालं. रमाबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. ज्यांना वेदाचा उच्चार वर्ज्य, अशा बायकांच्या बोटांना देवाच्या शब्दांची शाई लागली, हे डोळ्यांपुढे आणत मी तिथे बराच वेळ बसून होते. ‘सत्य तुम्हांला बंधमुक्त करील’ हे वचन मला चांदणीसकट पाठ होतं. त्याला शाईचा वास असतो हे नव्हतं माहीत.

सगळंच काही साजरं नाही, हेही सांगायला हवं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. कवी कितीही मोठा असला तरी हा अन्यायच, असं माझं मत आहे. पण नंतर त्यांनी तिला ओढलं नाही. ती आपल्या पायांनी चालत आली, पाच वर्षांनी. आणि आमच्या मंडळीत एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं सोयरीक जमवताना ‘मूळचे कुठले हो तुम्ही?’ असं हळूच विचारतात, तेव्हा विहीर अजून पुरती खुली झालेली नाही हे कळतं.

केडगावहून आले त्या आठवड्यात काकूंकडे गेले. क्षमा वगैरे बोलायची फार तयारी केली होती. दार उघडल्यावर एवढंच सुचलं, ‘‘काकू, जरा पाणी देता?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे नळ नाही की काय, असं वाटलं असणार. तांब्या-भांडं घेऊन आल्या. मी उभ्यानंच घटाघटा प्याले. ‘‘बस की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिळगूळ आता कुठला, चैत्र लागला. कैरीची डाळ वाटलीय, ती घे.’’ मीठ जरा जास्त होतं. दोनदा मागून घेतली.

हे सगळं आजीला सांगितलं. ती तेव्हा बरीच थकली होती, दिवसातला पुष्कळ वेळ डोळे मिटून पडलेली. मला वाटलं झोपली. तिनं एकदम विचारलं, ‘‘त्यो पाणी प्याला का?’’

‘‘कोण?’’

‘‘येशू. विहिरीवर. लिव्हलंय का तसं?’’

मी बायबल आणलं, अध्याय वरून खाली वाचला, पुन्हा वाचला. नव्हतं लिहिलेलं. पाणी मागितलं एवढं आहे. दिलं, प्याला, काही नाही. बोलण्याच्या नादात राहूनच गेलंय.

‘‘मग?’’ आजी म्हणाली. ‘‘तहानलेला माणूस. जवळ पोहरा न्हाई. ती काय घागर इसरली न्हाई. त्याच्यासाठी ठिवून गेली.’’

इतक्या वर्षांनी मिळालेलं उत्तर. पण माझ्यातली शब्बाथ शाळा गप्प बसेना. ‘‘भरून ठेवली की रिकामी, ते कुठं लिहिलंय?’’

आजीनं डोळे उघडले. माझ्याकडे असं पाहिलं, की जन्मात मी कधी पाण्याला गेलेच नाही.

‘‘रिकामी घागर कुणी विहिरीवर ठिवतं व्हय?’’