आधी वेळ सांगा, मग हॉटेल सांगते

‘तुम्ही दादरचे ना? मग चांगलं खायला कुठे मिळतं? म्हणजे तुम्ही स्वतः कुठे जाता?’ पुण्या-नाशिकचे पाहुणे विचारतात, ऑफिसात नव्याने लागलेल्या मुली विचारतात, परवा तर डॉक्टरांनी नाडी बघता बघता विचारलं. मी उलट विचारते, किती वाजता जाणार? ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई नाव सांगायचं टाळतेय. पण आमच्याकडे उत्तराची सुरुवात घड्याळापासूनच होते.

आस्वादचंच घ्या. शिवसेना भवनासमोर, १९८६पासूनचं. २०१५ साली लंडनला फूडी हबच्या पुरस्कारांत तिथल्या मिसळीला जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं. आम्हाला अभिमान वाटला, आणि रविवारची सकाळ हातची गेली. आता रविवारी नाव लिहून फुटपाथवर उभं राहायचं, आतल्यांच्या ताटलीकडे बघत. म्हणून मी आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारची जेवणं उरकल्यावर जाते, आणि मिसळ मागवतही नाही. वाईट आहे म्हणून नव्हे. सौम्य, घरगुती मिसळ आहे ती. कोल्हापूरकराला घेऊन गेलात तर तो तोंडावर काही बोलणार नाही, घरी जाऊन बोलेल. मला तिथली डाळिंबी उसळ आवडते. सोललेले वाल इतके अख्खे आणि तरी मऊ ठेवणं मला घरी जमत नाही, आणि सोलायला आता कुणाला वेळ आहे?

चारच्या सुमाराला मात्र प्रकाश. गोखले रोडवरचं, पाटीवर पूर्ण नाव ‘प्रकाश शाकाहारी उपहार केंद्र’. साबुदाणा वडा मागवा आणि तो गरम असेपर्यंत फोन बाजूला ठेवा. वर पीयूष. श्रीखंडाच्या घरातलंच हे पेय, दाटसर, जायफळाचं. दोघांत एक घेतलं तरी चालतं, पण कुणी घेत नाही.

या दोन्ही ठिकाणी तुम्हाला स्वतंत्र टेबल मिळेलच असं नाही. वेटर ‘इथे बसा, शेअर करा’ म्हणतो आणि समोर एखादे आजोबा थालीपीठ मोडत असतात. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. मला विचाराल तर या हॉटेलांचं निम्मं महत्त्व त्यातच आहे. मी खूपदा एकटीच जाते. ‘किती जण?’ला ‘एक’ असं उत्तर देणाऱ्या बाईकडे इथे कुणी मान वर करून बघत नाही, कोपऱ्यात नेऊन बसवत नाही. आमच्या आईच्या वेळी बाईमाणसाने एकटीने हॉटेलात जाणं म्हणजे फॅमिली रूमच्या पडद्याआड बसणं, तेही कुणी सोबत असेल तर. मला आठवतंय तशी आई एकटी हॉटेलात शिरली नाहीच.

गंमत अशी की त्याच काळात या भागात पैसे मोजून खाल्लं जाणारं कितीतरी अन्न बायकाच रांधत होत्या. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून पुरुष एकटे आलेले. ते महिन्याच्या बोलीवर चाळीतल्या एखाद्या बाईच्या खानावळीत जेवायचे. स्वयंपाक तिचा, उधारी तिची, आणि सावकाराचं व्याजही तिच्याच डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली याच बायकांना जोडून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली. जानेवारी १९८२मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि गिरण्यांवर पोट असलेल्यांत या बायकाही होत्या हे फार कमी वेळा बोललं जातं. ‘ऑथेंटिक’ मराठी जेवण कुठे मिळेल असं कुणी विचारलं की मला त्या खानावळी आठवतात, पण पत्ता काय सांगणार?

मासे खायचे असतील तर मी वेळेबरोबर महिनाही विचारते. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या दिवसांत ताटात येणारं पापलेट बर्फातलं किंवा लांबून आलेलं असण्याची शक्यता जास्त. तेव्हा आषाढात पाहुण्यांना घेऊन पापलेटाच्या थाळीवर पैसे घालवू नका, कोंबडी-वडे खा. उलट श्रावण पाळत नसाल तर तुमच्यासारखे सुखी तुम्हीच. बोटी पुन्हा समुद्रात गेलेल्या, आणि अर्धी मराठी गिऱ्हाईकं घरी वरणभात खातायत. अशा वेळी दादरच्या सिंधुदुर्गला जा. बोंबील फ्राय कुरकुरीत आला पाहिजे, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं असेल तर सोडू नका, आणि सोलकढी शेवटी प्या. पहिल्या घासालाच संपवून दुसरी मागवणारे असतात; त्यांना मी पुन्हा नेत नाही.

पाहुणे माशांना नाक मुरडणारे आणि भुकेने कावलेले असतील तर एक स्टेशन पुढे माटुंगा. स्टेशनाजवळच पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२पासून चालू. केळीचं पान घ्या, ताट नको. वाढपी दमत नाहीत, आपण दमतो. ‘मराठी विचारलं होतं ना?’ असं कुणी म्हणालंच तर आजूबाजूची बडबड ऐकायला सांगते. पानावर रस्सम सांडत कितीजण मराठीत भांडत असतात! किंग्ज सर्कलच्या कॅफे मद्रासला सकाळी लवकर जाता येत असेल तरच जा. उशिरा उठणाऱ्यांसाठी ते नाही.

आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न: पुण्याहून येतोय, दादरला उतरू, हातात सामान आहे, तासाभरात पुढे जायचंय. तर पूल ओलांडून पश्चिमेला या. स्टेशनासमोरच मामा काण्यांचं उपहारगृह आहे, १९१०चं. बटाटेवडा मागवा. बॅगा पायाशी ठेवा, खुर्चीवर नको, तिथे दुसरं कुणीतरी बसणार आहे.