गाडीशिवाय नागपूर फिरता येतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

दिवाळी आणि नाताळच्या सुट्या जवळ आल्या की पुण्या-मुंबईकडच्या नातलगांचे फोन सुरू होतात. कुणाला लग्नाला यायचं असतं, कुणाला ताडोबाहून परतताना दोन दिवस थांबायचं असतं. प्रश्न मात्र ठरलेला: "नागपूर एवढं पसरलेलं, गाडी नसेल तर फिरणार कसं? चार दिवस भाड्यानं घ्यावी का?" यंदा हा प्रश्न माझ्या चुलत नणंदेनं विचारला. ती सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना घेऊन येते आहे. तिला फोनवर तासभर सांगितलं, तेच आता नीट लिहून काढते.

मला चारचाकी चालवता येत नाही. घरची गाडी सकाळी यांच्याबरोबर हिंगण्याच्या एमआयडीसीत जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हापासून हे शहर मी बसनं, ऑटोनं, पायी आणि आता मेट्रोनं पाहिलं आहे. तेव्हा उत्तर हो. गाडी भाड्यानं घेऊ नका.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. नागपूरला रेल्वेचं डायमंड क्रॉसिंग आहे, दिल्लीकडून चेन्नईला आणि मुंबईकडून हावड्याला जाणारे रूळ इथे एकमेकांना छेदतात, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. मेट्रोचंही तसंच आहे. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाइन दक्षिणोत्तर, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही अ‍ॅक्वा लाइन पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही मिळतात सीताबर्डीला. आम्ही नुसतं बर्डी म्हणतो. 2019 च्या मार्चमध्ये खापरी-बर्डी सुरू झाली आणि 2022 च्या डिसेंबरात चारही टोकं जोडली गेली. तोवर पूर्व नागपुरातून वर्धा रोडला जायचं तर दोन बस आणि अर्धा दिवस धरून निघायचे मी.

पाहुणे नेमकी एकच चूक करतात. सकाळी दीक्षाभूमी, मग इतवारी, दुपारी अंबाझरी, संध्याकाळी पुन्हा महाल, अशी यादी करून येतात आणि दिवसभर शहर आडवं-उभं कापत राहतात. गाडी असो वा नसो, त्यानं माणूस दमतोच. मी सांगते, दिवस दिशेनं वाटा. एक दिवस पूर्व, एक दिवस पश्चिम, उरलेला दक्षिण-उत्तर. त्या दिशेची लाइन धरायची आणि वाटेत चढत-उतरत जायचं.

पूर्वेचा दिवस मला सगळ्यात प्रिय आहे. महाल आणि इतवारी या जुन्या भागांत गाडी न्यायचं खुद्द नागपूरकरही टाळतात, लावायला जागाच सापडत नाही. मेट्रोनं चितार ओळीच्या स्टेशनवर उतरा आणि विचारत विचारत आत चाला. गणपतीआधी आलात तर मूर्तिकारांची ओळ अगदी मनासारखी पाहता येते. मागच्या श्रावणात मी एका दारात अर्धा तास उभी होते. म्हातारे काका गणपतीचे डोळे रेखत होते. हात थरथरू नये म्हणून उजवं मनगट डाव्या हाताच्या मुठीवर टेकवलेलं आणि बुबुळ काढताना श्वास धरलेला. एक डोळा झाला की ब्रश पाण्यात खळबळून ठेवायचे, चहाचा एक घोट घ्यायचे आणि मग दुसरा डोळा. त्यांच्या सुनेनं मला बसायला पाट दिला आणि म्हणाली, "बसा जी, अजून लय बाकी हायेत." त्या गल्लीत चारचाकीतून हे दिसलं नसतं, कारण तिथवर चारचाकी गेलीच नसती.

तिथून बडकस चौकात यायचं आणि खायचं. सांबारवडी जरूर घ्या. पुण्याच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर बिचारे इडलीबरोबरच्या सांबाराची वाट पाहत बसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा हा सगळा भाग माणसांनी फुलून गेलेला असतो आणि बरेच रस्ते बंद असतात. त्या दिवशी मेट्रोनं येऊन पायी शिरणं हाच धड उपाय.

पश्चिमेला बर्डीहून लोकमान्यनगरकडे जाणारी मेट्रो धरा आणि सुभाषनगरच्या आसपास खिडकीशी राहा. अंबाझरी तलाव दिसतो, काठावरचं विवेकानंद स्मारक दिसतं. सकाळी आठच्या सुमाराला पाण्यावर धुकं असलं तर नुसत्या त्या प्रवासासाठीही जावं. फुटाळा तलावाला मात्र मेट्रो पोचत नाही. धरमपेठेत उतरून ऑटो करायचा.

आता ऑटोबद्दल. पहिली गोष्ट, इथे "रिक्षा" म्हटलंत तर जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे सायकलरिक्षा येते. तीनचाकीला ऑटोच म्हणायचं. दुसरी गोष्ट, भाडं बसायच्या आधी ठरवा. मीटरवर नेणारा भेटला तर उत्तम, पण तो भेटेल असं धरून चालू नका. मी असं विचारते, "भाऊ, बर्डी ते बडकस, किती?" उत्तर येतं, "दीडशे लागतीन." मी म्हणते, "रोजची आहे मी इथली." मग तो हसतो आणि काहीतरी कमी होतं. घासाघीस नको वाटत असेल तर मोबाइलवरून बोलवा, भाडं आधी दिसतं. शेअर ऑटो मुख्य रस्त्यांवर चौकाचौकातून मिळतात. त्यात हात दाखवून चढायचं आणि आपला चौक आला की चालकाला वेळेवर सांगायचं. नागपुरात पत्ता चौकानं सांगतात. राहायच्या ठिकाणाजवळचा चौक पहिल्याच दिवशी पाठ करून टाका. शहर बसचं "आपली बस" हे नाव पाटीवर वाचाल, बर्डीच्या मोरभवनातून त्या बऱ्याच दिशांना सुटतात. गर्दीची सवय असेल तर स्वस्तात काम होतं, पण थकलेल्या माणसाला आणि लहान लेकरांना घेऊन मी नको म्हणेन.

दक्षिणेकडे दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह जिथे बौद्ध धम्म स्वीकारला, ती जागा. रहाटे कॉलनी किंवा काँग्रेसनगर स्टेशनवरून जाता येतं. अशोक विजयादशमीला तिथे देशभरातून माणसं येतात, आजूबाजूची वाहतूक वळवतात. त्या दिवशी जायचं तर पायी जायचं आणि दर्शनासाठीच जायचं, फोटो काढायला नव्हे.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण ती कुणी पुन्हा करू नये. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भाचा त्याच्या दोन मुलांसह आला होता. दुपारी एकला आम्ही स्टेशनवर उतरलो आणि मी म्हटलं, एवढंसं तर अंतर आहे, चालूच. पदपथ मध्येच संपत होता, सावली कुठेच नव्हती, पारा 45 च्या वर. दहा मिनिटांत धाकटीचा चेहरा लालबुंद झाला आणि ती बोलायचीच थांबली. समोरच्या छोट्या दुकानातल्या बाईंनी बोलावून आम्हाला आत घेतलं, कूलर पोरीच्या तोंडाकडे वळवला, दुपट्टा ओला करून तिच्या डोक्यावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "ताई, इतक्या उन्हात लेकराले घेऊन काहून निघाल्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुळाचं पन्हं दोन-तीन घोट पोटात गेल्यावर पोर रडली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

म्हणून नागपुरात अंतर किलोमीटरनं मोजू नका, ऋतूनं मोजा. डिसेंबर-जानेवारीत स्टेशनपासून दीड किलोमीटर चालणं सुखाचं असतं. एप्रिल-मेमध्ये अकरा ते पाच घराबाहेर पडूच नका, आणि पडावंच लागलं तर पाचशे मीटरलाही ऑटो करा. दुपट्टा आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या.

वर्धा रोडवरून मेट्रोनं जाताना एक पाहून ठेवा: खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर आपण, असं 3.14 किलोमीटर चालतं. उत्तरेला गड्डीगोदामला तर याहून वरताण आहे. तिथे रस्त्यावर रेल्वे, रेल्वेवर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. मुलं असतील तर दोन्ही वेळा खिडकीची जागा त्यांना द्या. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर बघायचं असेल तर ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आणि पुढे कामठी रोडनं बस किंवा ऑटो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी अशा ठरावीक दिवशीच लोकांसाठी उघडतो, एरवी बाहेरूनच पाहायचा.

शहराबाहेर रामटेकला गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटी, सेवाग्रामला वर्ध्याकडे जाणारी रेल्वे, दोन्ही एका दिवसात होतात, फक्त परतीची वेळ जातानाच विचारून घ्या. पेंच आणि ताडोबाला मात्र गाडी लागतेच, ती त्या दिवसापुरती ठरवा.

विमानानं येणार असाल तर ध्यानात ठेवा, एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे, विमानतळाच्या दाराशी नाही. बॅगा असतील तर तेवढा टप्पा वाहनानंच करा. आणि रात्री दहाच्या सुमाराला मेट्रो थांबते, म्हणून जेवण उशिरा असेल तर येण्याचा ऑटो आधी सांगून ठेवा.

नणंदेची रेल्वे सकाळी साडेसहाला येते. सगळे उतरून सवयीनं पश्चिमेच्या मोठ्या दारानं बाहेर पडतात आणि ऑटोवाल्यांच्या गराड्यात सापडतात. तिला सांगितलंय, संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर ये, मेट्रो तिकडे आहे. सासूबाईंना जिना चढायला लावू नकोस, लिफ्ट आहे, मी तिच्याजवळच उभी असेन.