नैरोबीत कंपनी काढताना कागद कुठे अडतो

नाशिकला आमच्याकडे ठिबक सिंचनाचे फिल्टर आणि फिटिंग बनतात. केनियातल्या नैवाशा तलावाच्या काठच्या गुलाबशेतीला आमचा माल नैरोबीतल्या एका व्यापाऱ्यामार्फत जात होता. तिथे आपलीच उपकंपनी काढायची ठरली, तेव्हा कारखाना बघणारे भाऊजी आणि हिशेब बघणारी मी, दोघं जुलैत जाऊन आलो. लहान उद्योगवाले बरेच जण याच वाटेवर आहेत, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

नोंदणीची धास्ती घेऊ नका. केनियाच्या २०१५ च्या कंपनी कायद्यात खासगी कंपनीला एक भागधारक आणि एक संचालक पुरतो. भागधारक शंभर टक्के परदेशी चालतो, फक्त निदान एक संचालक कंपनी नव्हे तर माणूस असला पाहिजे. अर्ज तिथल्या सरकारच्या ई-सिटिझन पोर्टलवर भरायचा, शुल्क १०,६५० शिलिंग. भरणा झालेलं भांडवल ५० लाख शिलिंग किंवा जास्त असेल तर कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो. आम्ही भांडवल त्याच्या आतच ठेवलं.

शाखा काढावी की उपकंपनी, हा प्रश्न सगळे विचारतात. २०२४ पासून दोन्हींना आयकर ३० टक्केच आहे, पण शाखेचा नफा मायदेशी नेताना वर १५ टक्के कर बसतो. उपकंपनीच्या लाभांशावर भारताशी असलेल्या करारामुळे १० टक्के कपात होते, त्यासाठी आपल्या आयकर खात्याचा रहिवासी दाखला जवळ हवा. शिवाय तिथलं देणं तिथल्या कंपनीपुरतं राहतं. आमच्यासारख्यांनी शाखेच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी मजा खऱ्या मालकांच्या नोंदीत. शेअर भारतीय कंपनीच्या नावावर असले तरी तिच्यामागे कोण माणसं आहेत हे सांगावं लागतं, आणि १० टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या प्रत्येकाची माहिती द्यावी लागते. घरच्या कंपनीत हे म्हणजे अर्धं कुटुंब. सासूबाईंचा वाटा मोठा, म्हणून त्यांचे कागद मागितले तर त्या म्हणाल्या, "मला या वयात आफ्रिकेत कुठे अडकवताय?" निघण्याआधी सगळ्यांचे पासपोर्ट, पत्त्याचे पुरावे आणि फोटो स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. नाव आणि पत्त्याचं स्पेलिंग सगळीकडे एकच असू द्या. 'रामचंद्र' आणि 'आर.' हे तिथे दोन वेगळे इसम ठरतात.

बँकेत मात्र जीव मेटाकुटीला येतो. कंपनीचे संचालक आणि भागधारक कोण, हे सांगणारा सरकारी उतारा म्हणजे सीआर-१२. आपल्याकडे सातबाऱ्याशिवाय पान हलत नाही, तसं तिथे या कागदाचं. नैरोबीच्या वेस्टलँड्स भागातल्या बँकेतल्या बाईंनी आधी त्याची तारीख पाहिली, मग बाकीचं. उतारा महिन्याच्या आतला हवा, म्हणून तो खातं उघडायच्या तोंडावरच काढा. मग त्यांनी खातं उघडण्याच्या ठरावाची प्रत उलटसुलट करून विचारलं, "शिक्का कुठाय?" कायद्याने आता कंपनीची मोहोर सक्तीची नाही, पण काउंटरवर रबरी शिक्क्याला अजून मान आहे. शहराच्या जुन्या भागात तो लगेच करून मिळतो. सही करणाऱ्याने स्वतः हजर राहावं. केनियाचं ओळखपत्र असलेला एखादा संचालक कायद्याने लागत नसला, तरी असला की पोर्टल, बँक आणि करखातं तिन्हीकडे दारं भराभर उघडतात. पण हा माणूस पारखून घ्या आणि त्याचे अधिकार लेखी बांधा.

डॉलरचं आणि शिलिंगचं अशी दोन्ही खाती उघडा. केनियाने १९९५ मध्ये विनिमय नियंत्रणाचा कायदाच रद्द केला, त्यामुळे त्यांच्या बाजूने पैसा मोकळा येतो-जातो. अडतं ते आपल्याकडे. फेमा या आपल्या परकीय चलन कायद्याखालच्या २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे आपल्या बँकेत फॉर्म एफसी भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यायचा, आणि तो हातात आल्यावरच भांडवल पाठवायचं. आधी पैसे, मग कागद हा आपला लाडका क्रम इथे चालत नाही. एकूण गुंतवणूक आपल्या भारतातल्या कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय करता येते. पैसे गेल्यापासून सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेला द्यायचं, आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत उपकंपनीच्या कामाचा वार्षिक अहवाल, १५ जुलैपर्यंत एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तांचं विवरण. बँकेच्या गावातल्या शाखेत हे काम क्वचित येतं. त्यांच्या मुंबईच्या परकीय चलन विभागातल्या माणसाशी थेट बोला आणि हे नैरोबीचं तिकीट काढण्याआधी करा.

मालाबद्दल एकच. केनियाच्या मानक संस्थेच्या नियमाप्रमाणे बहुतेक मालाची तपासणी भारतातून निघण्याआधीच करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मोम्बासा बंदराला कंटेनर लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. कराचे दर दरवर्षी १ जुलैच्या आसपास वित्त कायद्याने बदलतात. २०२४ चं विधेयक तर लोक रस्त्यावर उतरल्यावर मागे घ्यावं लागलं. तेव्हा जुनी पत्रकं वाचून हिशेब मांडू नका.

प्रवासाचं म्हणाल तर जानेवारी २०२४ पासून व्हिसा नाही, पण ई-टीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, ऑनलाइन काढावा लागतो. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावर, निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. लसीचं कार्ड नसेल तर परतताना भारतात अलग ठेवतात. नैरोबी साधारण १,८०० मीटर उंचीवर आहे, जुलैत स्वेटर लागतोच. चकल्या-लाडू प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, तिथे २०१७ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. आम्ही डबे नेले, आणि ते बँकेतल्या बाईंपर्यंत पोचले.

आणखी एक, जे कुणी आपणहून सांगत नाही. संचालक म्हणून ज्याने केनियाचा करदात्याचा पिन घेतला, त्याने तिथे एक शिलिंगही कमावला नाही तरी ३० जूनपर्यंत शून्य विवरण भरायचं, नाहीतर २,००० शिलिंग दंड. भाऊजींचं ते काम अर्थातच माझ्याकडे आलंय.